सूर्य, दिवस आणि ऊन: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गड्ड्याची यात्रा जवळ आली की संक्रांतीबद्दल, माघात रथसप्तमीबद्दल आणि एप्रिल-मेमध्ये ऊन मी म्हणायला लागलं की उन्हाबद्दल, असे सूर्याविषयीचे प्रश्न आपल्याकडे वर्षभर निघत राहतात. शाळेतली मुलं विचारतात, नव्याने सोलापूरला आलेल्या सुना विचारतात, पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी फोनवर विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

सूर्याला इतकी नावं कशाला? अर्थ तर एकच ना?

एकच नाही. सूर्यनमस्कार घालताना आपण जी बारा नावं घेतो (मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर) त्यातलं प्रत्येक नाव सूर्याचं वेगळं काम सांगतं. पूषा पोसणारा, सविता प्रेरणा देणारा, खग आकाशातून जाणारा, भास्कर उजेड करणारा. मित्र हे वेदांतलं फार जुनं नाव. दिलेला शब्द पाळणारा, करार सांभाळणारा देव तो मित्र. इराणी भाषांतही हाच देव आहे. फारसीतला 'मेहेर' आणि आपला 'मित्र' एकाच मुळाचे, आणि मुलांना ठेवतो ते 'मिहिर' हे नावही त्याच घराण्यातलं. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा.

यातली बरीच नावं बोलण्यात येत नाहीत, ती माणसांना देण्यात येतात. जुन्या पिढीत दिनकर, दिवाकर, भास्कर, प्रभाकर गल्लोगल्ली सापडतात, आता आदित्य सापडतात. 'सविता'ची गंमत बघा. संस्कृतात हा पुरुष देव, गायत्री मंत्र त्यालाच उद्देशून आहे. मराठीत मात्र शेवटचा 'आ' ऐकून आपण ते मुलीचं नाव केलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

घरात पूजेच्या वेळी आजी-आई म्हणतात 'सूर्यनारायण'. शेतात आणि रस्त्यावर मात्र यांतलं काहीच चालत नाही, तिथे 'दिवस' आणि 'ऊन' हेच शब्द.

खेड्यातली माणसं 'दिवस उगवला', 'दिवस बुडाला' म्हणतात. सूर्याला दिवस म्हणणं चुकीचं नाही का?

अजिबात नाही, आणि मुलांच्या वहीत ते चूक म्हणून खोडू नये अशी कळकळीची विनंती आहे. मोहोळ, बार्शी, सांगोला, मंगळवेढा, कुठेही वस्तीवर जा, 'सूर्य' हा शब्द क्वचित ऐकू येईल. 'दिवस उगवायच्या आत पाणी दिलं', 'दिवस कलल्यावर ये', 'दिवस डोक्यावर आला तरी न्याहारी नाही'. आकाशात दिसतो तोही दिवस आणि कॅलेंडरवर उलटतो तोही दिवस.

वेळही त्यावरच मोजली जाते. सगळ्यात सुंदर माप म्हणजे 'कासराभर दिवस'. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर. सूर्य क्षितिजापासून त्या दोराएवढा वर आला की 'कासराभर दिवस वर आला', आणि संध्याकाळी तेवढाच उरला की 'कासराभर दिवस राहिलाय, आता आवरा'. ज्याच्या हातात रोज कासरा असतो त्यालाच हे माप सुचणार. त्याआधीच्या वेळेलाही शब्द आहेत: झुंजूमुंजू, तांबडं फुटणं, फटफटणं. मावळतीनंतर दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ. दिशासुद्धा त्याच्याच नावाने सांगतात. विहीर उगवतीला, बांध मावळतीला.

आणि हा शब्द किती खोल गेलाय ते पाहा. बाईला 'दिवस गेले' म्हणजे ती गरोदर राहिली. तिचे 'दिवस भरले' म्हणजे बाळंतपण आलं. माणूस गेल्यावर त्याचे 'दिवस घालतात'. मधल्या आयुष्यात माणूस दिवस काढतो, दिवस ढकलतो, त्याचे दिवस फिरतात आणि नशिबाने साथ दिली तर पालटतात. पोटात जीव धरल्यापासून तेराव्यापर्यंत माणसाचं सगळं मोजमाप मराठीने सूर्याच्या शब्दाने केलं आहे. सूर्य म्हणजे आधी वेळ, देव आणि ऊन त्याच्या मागून, असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हेच पुन्हा दिसेल.

सोलापुरातल्या तेलुगू आणि कन्नड घरांत सूर्याला काय म्हणतात?

देव म्हणून नाव संस्कृतातलंच, सूर्युडु किंवा सूर्य. पण रोजच्या बोलण्यात अगदी आपल्या 'दिवसा'सारखीच गोष्ट आहे. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत 'पोद्दु' ऐका. पोद्दु म्हणजे सूर्यही आणि वेळही. 'पोद्दु पोडिचिंदि' म्हणजे दिवस उगवला, 'पोद्दु कुंकिंदि' म्हणजे दिवस बुडाला. सूर्यफुलाला ते म्हणतात 'पोद्दुतिरुगुडु पुव्वु', म्हणजे सूर्याबरोबर फिरणारं फूल. अक्कलकोटकडे, दक्षिण सोलापुरात कन्नड ऐकलं तर 'होत्तु' येतो. 'होत्तु मुळुगितु' म्हणजे दिवस मावळला आणि 'होत्तायतु' म्हणजे उशीर झाला.

पोद्दु आणि होत्तु हे सख्खे भाऊ आहेत. जुन्या 'प'चा कन्नडमध्ये 'ह' झाला. तेलुगूत दूध म्हणजे पालु, कन्नडमध्ये हालु. तिकडे फूल पुव्वु, इकडे हूवु. मराठी या भाषाकुळातली नाही, तरीही तिने सूर्य आणि वेळ एकाच शब्दात बांधले. तीन भाषा एका गावात नांदतात आणि तिघींनाही सूर्य पाहून आधी 'किती वाजले' हेच आठवतं, याचा मला एक सोलापूरकर म्हणून फार आनंद वाटतो.

वारांची नावंही जुळतात. गावाकडचा 'ऐतवार' हा आदित्यवाराचाच झिजलेला शब्द. तेलुगूत तो 'आदिवारमु', आणि सीमेवरच्या कन्नडमध्ये 'ऐतवार' जसाच्या तसा चालतो.

'ऊन' आणि 'सूर्य' यांत फरक काय? उन्हासाठी मराठीत किती शब्द आहेत?

ऊन म्हणजे सूर्य आपल्यापर्यंत पोहोचतो तो. शब्द 'उष्ण'वरून आला, म्हणून 'ऊन ऊन भाकरी' आणि 'ऊन पाणी' यांतही तोच आहे. उन्हाळा म्हणजे उष्णकाळ.

शब्द मोजायला बसू नये, पण प्रकार लक्षात ठेवावेत. सकाळचं कोवळं ऊन, दुपारचं टळटळीत, रणरणतं किंवा कडक ऊन, पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडतो तो कवडसा, दाराच्या फटीतून आत येते ती तिरीप. संध्याकाळी ऊन एकवचनी राहत नाही: 'उन्हं कलली', 'उन्हं उतरली'. थंडीत आपण ऊन खातो, उन्हाळ्यात ते आपल्याला लागतं. ऊन बाधलेल्या माणसाला लघवीला जळजळ होते, तिला 'उन्हाळी लागणं' म्हणतात. तांदळाला, डाळीला, गाद्यांना आपण 'ऊन दाखवतो', जणू त्यांची भेट घालून देतो.

'ऊन मी म्हणतंय' हा प्रयोग मराठीतला अत्यंत समर्थ प्रयोग आहे. त्या वेळी बाकी कुणाचंच काही चालत नाही, बोलतं फक्त ऊन. मेमध्ये दुपारी दोन वाजता नवी पेठेत उभं राहिलं की या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र याच दुपारी गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात, आणि आई दर तासाला जिना चढून एकेक कुरडई हाताने उलटवत असते. वरची बाजू पांढरी कडक, खालची अजून लवचिक. बोटाने दाबून बघते आणि परत ठेवते. हे ऊन नसेल तर वर्षभराचं वाळवण नाही, म्हणून सोलापूरची बाई उन्हाला नावं ठेवते, शिव्या देत नाही.

सूर्यावरून आलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार कोणते?

नेहमीचे सांगते. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही सगळ्यात लाडकी. खरं दडपून राहत नाही. 'दिवस बुडाला, मजूर उडाला' ही रोजंदारीवरच्या माणसांची. 'दिवस गेला रेटारेटी, चांदण्यात कापूस काती' ही दिवसभर टंगळमंगळ करून रात्री कामाला बसणाऱ्यासाठी. सूत आणि माग यांवर वाढलेल्या आपल्या गावात ही म्हण जास्त झोंबते.

याशिवाय उगवत्या सूर्याला नमस्कार, सूर्यावर थुंकणं, सूर्यापुढे काजवा, आज सूर्य पश्चिमेला उगवला, दिवसाढवळ्या चोरी हे सगळे रोजच्या वापरातले. उशिरा उठणाऱ्याला थट्टेने 'सूर्यवंशी' म्हणतात, कारण तो सूर्य उगवल्यावर उठतो.

गड्ड्याची यात्रा ही सूर्याची यात्रा आहे का?

नाही. ती ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची. बाराव्या शतकातले हे शिवयोगी आणि कन्नड वचनकार. तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला परवानगी दिली. त्या विवाहाची आठवण म्हणजे ही यात्रा.

पण यात्रेचा पंचांगातला पाया सूर्याचा आहे. आपले बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. संक्रांत मात्र सूर्याच्या राशीवर ठरते. त्यामुळे नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, दरवर्षी जानेवारीच्या त्याच दिवसांत निघतात. भोगीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ऐकून अक्षता टाकतात तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू असा भेद उरत नाही. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी एकदा भोगीच्या दिवशी तलावाकाठी यावंच.

संक्रांत जर गोड बोलायचा सण, तर 'संक्रांत कोसळली' असं वाईट अर्थाने का म्हणतात?

कारण पंचांगातली संक्रांत ही देवी आहे, आणि ती उग्र आहे. ती कशावर बसून आली, काय नेसली, कुठून आली, कुठे चालली आणि कुठे पाहते, हे दरवर्षी पंचांगात छापलेलं असतं. ती जे धारण करते ते महाग होतं, ज्या दिशेला जाते तिथे संकट येतं, असा समज. त्यावरून 'नोकरीवर संक्रांत आली' वगैरे. पुष्कळ लोक हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताशी जोडतात. पण त्या काळात संक्रांत १४ तारखेच्या तीन-चार दिवस आधीच येऊन जात असे (पुढचं उत्तर पाहा), आणि संक्रांतीच्या उग्र रूपाची कल्पना पंचांगांत स्वतंत्रपणे आहेच.

दोन्ही अर्थ एका दिवसात मावतात याचं कारण सूर्याची ही वाट बदलण्याची वेळ आहे. बदलाच्या वेळी माणूस जपून वागतो. उग्र देवी दाराशी आली असताना आपण तीळ-गूळ वाटतो, सुगडं पुजतो, लहानग्यांचं बोरन्हाण करतो, एकमेकांना गोड बोलायला सांगतो. एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग त्या दिवशी मुद्दाम नेसतो, थंडीत ऊब धरतो म्हणून. दुसऱ्या दिवशीची किंक्रांत मात्र शुभकार्याला टाळतात.

संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला असते. आणि उत्तरायण त्याच दिवशी सुरू होतं का?

सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो २१-२२ डिसेंबरला. त्या दिवसापासून दिवस मोठा व्हायला लागतो. संक्रांत म्हणजे सूर्याने मकर राशीत प्रवेश करणं, आणि आपली पंचांगं राशी ताऱ्यांच्या आधाराने मोजतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय हळू फिरतो, त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. ही मिनिटं साठत साठत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो आणि संक्रांत एक तारीख पुढे जाते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकाच सुमारास होत होत्या, म्हणून 'मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायण' हे समीकरण रूढ झालं.

पुरावा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहा: १२ जानेवारी १८६३. त्या दिवशी मकरसंक्रांत होती. १४ आणि १५ मधली अलटापालट मुख्यतः लीप वर्षामुळे होते.

खंडोबाचा आणि सूर्याचा काय संबंध?

खंडोबाचं एक नाव मार्तंड भैरव, आणि मार्तंड हे सूर्याचं नाव. ऋग्वेदात अदितीचा आठवा मुलगा मार्तंड. खंडोबाचा वार ऐतवार. भंडाऱ्याची पिवळी हळद लोक सूर्याच्या सोनेरी रंगाशी जोडतात. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला चंपाषष्ठीच्या काळात गेलात तर वाटेपासून देवळापर्यंत सगळं पिवळं झालेलं दिसेल, कपडेच काय, भुवयासुद्धा. 'येळकोट' हा शब्द कन्नडमधला: येळु म्हणजे सात, येळु कोटी म्हणजे सात कोटी. धनगर, मराठा, लिंगायत, ब्राह्मण, मुसलमान, किती जातीधर्मांचे लोक या देवाला मानतात हे मोजणंच अवघड. वेदातला आदित्य देवळात राहिला, पण मार्तंड घोड्यावर बसून माळरानात आला आणि आपला झाला.

आदित्यराणूबाईची कहाणी काय आहे?

श्रावणातल्या आदितवारी वाचायची कहाणी. आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण समिधा आणायला रानात जातो, तिथे नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, त्या म्हणतात, 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.' तो नाही म्हणतो आणि व्रत घेतो, त्याची भरभराट होते. पुढे त्याच्या दोन मुलींपैकी एक कहाणी ऐकते आणि सुखी होते, दुसरी ऐकायला नकार देते आणि दरिद्री होते. राणूबाई ही सूर्याची पत्नी मानतात.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की देव इथे पूजेचा थाट मागत नाही. सहा मोती हातात घेऊन कुणीतरी कहाणी ऐकावी, एवढंच. आणि ऐकायला माणूस मिळेना म्हणून मोळीविक्या, माळी, म्हातारी असे उपाशी-दुःखी लोक शोधून त्यांना ती ऐकवली जाते. जेवणाआधी थांबून दुसऱ्याला दोन शब्द ऐकवावेत, असं हे व्रत आहे. मोठ्याने वाचायला पाच-दहा मिनिटं पुरतात. घरात आजी असेल तर तिच्याकडूनच ऐकावी, तिची चाल पुस्तकात सापडत नाही.

संतांनी सूर्याकडे कसं पाहिलं?

शाळेत रोज म्हणतो ते पसायदानच घ्या. 'दुरिताचें तिमिर जावो, विश्व स्वधर्मसूर्यें पाहो.' आणि पुढे सज्जन कसे, तर 'चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन.' डाग नसलेले चंद्र आणि ताप नसलेले सूर्य. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीतली ही ओळ बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या गावात राहून म्हणताना तिची किंमत कळते. उजेड तर द्यायचा, पण समोरच्याला भाजायचं नाही. हुशार, अधिकारी, तापट माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. ज्ञानदेवांनी नेमकं मागितलं ते तेज टिकवून ताप घालवणं.

सोळाव्या अध्यायाची सुरुवात तर आणखी धाडसी आहे: 'मावळवीत विश्वाभासु, नवल उदयला चंडांशु.' जगाचा भास मावळवणारा सूर्य उगवला. नेहमीचा सूर्य उगवला की जग दिसायला लागतं. गुरुकृपेचा सूर्य उगवला की जगाचा भासच मावळतो. उगवणं आणि मावळणं एका ओळीत उलटवून ठेवलंय, आणि तेही इतक्या सहज की पहिल्या वाचनात निसटून जावं.

मुसलमान सूर्याला मानतात का?

पूजत नाहीत, आणि हे कुराणात स्पष्ट आहे: सूर्याला किंवा चंद्राला नव्हे, त्यांना निर्माण करणाऱ्याला सजदा करा. कुराणातल्या एका सुऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नाव मात्र 'अश-शम्स', सूर्य, आहे आणि त्यात सूर्याची शपथ आहे.

नमाजाची वेळ मात्र सूर्याचीच. फजर पहाटे उजाडू लागल्यावर, जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर, मगरिब मावळल्यावर, इशा संधिप्रकाश संपल्यावर. असरची वेळ सावलीवरून काढतात. माध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर, हनफी परंपरेत दुप्पट झाली की. आणि सूर्य अगदी उगवताना, अगदी माथ्यावर असताना व अगदी मावळताना नमाज टाळतात, पूजा सूर्याची चालली आहे असा भास नको म्हणून. रमजानचा रोजाही सूर्यावरच सुटतो. आफताब, खुर्शीद, शमसुद्दीन ही नावं सूर्याचीच.

शनी सूर्याचा मुलगा, मग दोघांचं वैर कसं?

पुराणकथा अशी. सूर्याची बायको संज्ञा. तिला नवऱ्याचं तेज सोसवेना, म्हणून आपली सावली, छाया, घरात ठेवून ती निघून गेली. यम, यमुना आणि वैवस्वत मनू ही संज्ञेची मुलं, शनी छायेचा. सावलीच्या पोटचा म्हणून तो सावळा. सूर्याला तो आपला वाटला नाही, तिथून बापलेकात बिनसलं. शेवटी विश्वकर्म्याने, म्हणजे सासऱ्याने, सूर्याला चाकावर धरून त्याचं तेज तासलं, आणि त्या तासलेल्या तेजातून सुदर्शन चक्र, त्रिशूळ अशी शस्त्रं झाली. तेजाची किंमत घरातल्या बाईने मोजली, हे या कथेत स्वच्छ लिहिलंय. कथा सांगताना आपण शनीपाशी थांबतो आणि संज्ञेकडे दुर्लक्ष करतो.

ग्रहणात काय पाळावं?

लहानपणी गल्लीतून हाक यायची, 'दे दान, सुटे गिराण.' घराघरातून जुनं धान्य, कपडे दिले जायचे. राहू सूर्याला गिळतो ही कथा, आणि चंद्र मधे येतो ही घडणारी गोष्ट, दोन्ही मुलांना सांगाव्यात. दान करण्यात काही तोटा नाही. गरोदर बाईला मात्र तासन्‌तास उपाशी, हलू न देता ठेवू नये. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही, उपासाने आईला चक्कर येते.

डोळे जपा. काळी काच, एक्स-रे, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काही सुरक्षित नाही. ग्रहणासाठीचाच प्रमाणित चष्मा हवा. तो नसेल तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडा. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सोलापुरातून खंडग्रास दिसलं होतं, तेव्हा झाडाखालचे कवडसेसुद्धा कोरीचे झाले होते. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण इजिप्तकडे खग्रास असेल, आपल्याकडे खंडग्रास, पावसाळी ढगांनी वाट दिली तर.

सोलापुरात सावली नाहीशी होते तो दिवस कोणता?

सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन परततो, त्यामुळे सोलापूरच्या बरोबर डोक्यावरून तो वर्षातून दोनदा जातो. आपलं अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडं वर, म्हणून पहिला दिवस १० ते ११ मेच्या सुमारास, दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमधला बहुतेकदा ढगात जातो.

मेमध्ये दुपारी साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी उभा पाइप, बाटली किंवा स्टीलचा ग्लास सपाट फरशीवर ठेवा. बारा वाजता नाही, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला. ग्लासाच्या भोवती आधी पश्चिमेला पातळ काळी कड असते, ती आत आत सरकते आणि दोनेक मिनिटं ग्लासाला सावलीच नसते. मग दुसऱ्या बाजूने ती पुन्हा बाहेर येते. पोरांना टोपी घालून, पाणी पाजून गच्चीवर न्या.

सूर्यनमस्कार धार्मिक की व्यायाम?

दोन्ही. मंत्र म्हणून घातले तर उपासना, न म्हणता घातले तर उत्तम व्यायाम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा मोठा प्रसार केला. औंध संस्थानातला आटपाडीचा मुलूख आपल्या सांगोल्याला लागूनच. ज्यांना मंत्र म्हणायचे नाहीत त्यांच्यावर सक्ती करू नये.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, अंगण नाही. रथसप्तमी कशी करावी?

माघ शुद्ध सप्तमी हा सूर्याचा जन्मदिवस मानतात. रीत अशी: पाटावर सात घोड्यांचा रथ काढायचा, रांगोळीने किंवा गंधाने. रुईची सात पानं डोक्या-खांद्यांवर ठेवून आंघोळ. रुईलाही संस्कृतात 'अर्क'च म्हणतात. मग अंगणात तुळशीजवळ गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. एरवी दूध उतू गेलं की घरात आरडाओरडा होतो, या एका दिवशी सगळे वाट बघत उभे असतात. आधी काठाला बारीक फेस धरतो, मग साय फुगून वर येते, आणि ज्या बाजूने दूध सांडेल त्या दिशेला यंदा पीकपाणी चांगलं, असं म्हणतात. संक्रांतीपासूनची हळदीकुंकवं याच दिवशी संपतात.

फ्लॅटमध्ये उगवतीची गॅलरी किंवा खिडकी असेल तर तिथे पाट मांडा. गच्ची वापरायची असेल तर सोसायटीत आधी विचारा. गोवऱ्या शक्य नसतील तर गॅसवर लहान पातेल्यात चालतं, खाली ताट ठेवा. रुई चिकाची असते, पानं तोडल्यावर हात धुवा आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांना तर पानं न लावलेलीच बरी, त्यांना बोराची पानं द्या. बोळकी संक्रांतीच्या सुगडांबरोबरच कुंभाराकडे मिळतात, तेव्हाच एक जास्तीचं घेऊन ठेवा, माघात शोधायला गेलं की मिळत नाही.